शेवंतीच्या गालावरचा भोवरा

अन्याय झाला तो शेवंतीवर. शेवंती ही घोडी आहे. मागच्या दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, ऊन जेमतेम तापीच्या पुलावर चढलं होतं तेव्हा, लोटन नावाच्या दलालाने तिची मान वर केली, डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं आणि भरबाजारात ओरडून तिला 'आसूढाळ' ठरवलं. तिने कुणाला लाथ मारली नव्हती, कुणाचा चारा खाल्ला नव्हता. डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, एवढाच गुन्हा.

घोडीवर अन्याय म्हटलं की लोक हसतात. हसा. पण आधी पूर्ण वाचा.

संपादकांनी 'तुमच्या कामाचे अनुभव' मागितले. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. वय एकतीस, म्हणजे आठवणी लिहायचं नव्हे. पण कॉलेज संपल्यापासून आमच्या छोट्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते, छापून आणते आणि बाजारात उभी राहून वाटते. नंदुरबारच्या मिरची बाजारात वाटली आहेत, तेव्हा शिंकत शिंकत घोषणा दिल्या आहेत. मोलगीच्या आठवडी बाजारात वाटली आहेत, तिथे लोक पत्रक घेतात, नीट घडी घालतात आणि त्यात तंबाखू बांधतात. मला राग येत नाही. निदान कागद घरापर्यंत जातो.

आम्ही शब्दांच्या मागे लागलो त्याला कारण झाला कालूदादा. नर्मदेच्या धरणाचा फुगवटा आमच्या डोंगरातल्या गावांच्या पायथ्याशी आला आहे. तिथे इंजिनाच्या बोटीने माणसं, कोंबड्या, गोण्या सगळं पलीकडे जातं. बोटीत तरंगतं ठेवणारं जाकीट घाला, म्हणून मी पत्रक लिहिलं. तेव्हा मी नवी होते आणि मला भारदस्त लिहायची हौस होती. पहिलं वाक्य होतं, 'नौकेचे सुकाणू सांभाळणाऱ्या प्रत्येक बांधवाने...' कालूदादा बोट चालवतो. त्याने ते वाक्य वाचून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ताई, हा सुकाणू कुठल्या पाड्यावर राहतो? त्याला निरोप देतो मी."

सुकाणू म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो माझी टर उडवत होता. मागे बसलेली सगळी बोट हसली, कोंबड्यासुद्धा.

त्या दिवशी घरी येऊन मी शब्दकोश उघडला. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'वरून आलेला. खलाशी अरबीतून. गलबताचा नांगर फारशी 'लंगर'चा भाऊबंद. अरबस्तानातली जहाजं कोकणच्या बंदरांना लागत, माल उतरे, आणि मालाबरोबर हे शब्दही उतरत. पुढे ते घाट चढून आले आणि जिथे समुद्राचा वाससुद्धा नाही अशा आमच्या जिल्ह्यात कचेरीच्या कागदात जाऊन बसले. आमच्या संघटनेलाही एक 'सुकाणू समिती' आहे. तिच्यातल्या एकानेही आयुष्यात सुकाणूला हात लावलेला नाही. एकाला तर तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर उभ्या बोटीत बसूनही चक्कर येते.

दुसरं पत्रक मी सरळ लिहिलं. 'बोटीत जाकीट घाला. उशाला घेऊ नका.' कालूदादाने त्यात आपल्या पदरची एक ओळ घातली. बोट सुटायच्या आधी तो ओरडतो, "ज्याला जाकीट नको त्याने पोहत यावं, मी पलीकडे थांबतो." आजवर कुणी पोहत आलेलं नाही. पत्रकापेक्षा ती ओळ जास्त चालली, हे मी सुकाणू समितीला कळवलेलं नाही.

मग मला तो नादच लागला. घोड्याचे शब्द तर मराठीत पावलापावलावर आहेत आणि आपण ते डोळे मिटून वापरतो. निवडणूक आली की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, 'साहेबांचे खंदे शिलेदार'. शिलेदार म्हणजे कोण? जुन्या फौजेत जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो. शब्द फारशी, अर्थ हत्यारबंद. आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. त्याचा मूळ अर्थ ओझं वाहणारा. आता तुम्हीच सांगा, साहेबांच्या गाडीत बसून, साहेबांच्या डिझेलवर फिरणारे हे फ्लेक्सवरचे लोक कोण? मी हे पत्रकात छापलं. एका बारगिराचा मला फोन आला. बराच वेळ बोलत होता. शेवटी म्हणाला, "पण ताई, शिलेदार लिहिलं की फोटो उठून दिसतो."

खोगीर म्हणजे जिनाखाली घालायची गादी. फारशीत तिचा अर्थ घाम टिपणारी. आत चिंध्या, केस, हाती लागेल ते भरत, म्हणून कशाही भरलेल्या मालाला खोगीरभरती म्हणतात. नाल हा अरबी जोडा. चाबूक म्हणजे फारशीत चपळ. म्हणजे मारण्याच्या वस्तूला नाव दिलं ते मार खाऊन पळणाऱ्याच्या गुणाचं. हे वाचलं तेव्हा मी चिडून वही बंद केली आणि चहा प्यायला गेले. शब्द ज्यांच्या हातात असतात ते आपल्या सोयीचे ठेवतात, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

आणि म्हणून आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत मांडव टाकला.

ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तापीकाठी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडातून, पंजाबातून, गुजरातेतून घोडे येतात. सजवलेले, तेल लावलेले, काही नाचणारे. घेणारा आणि विकणारा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये दलाल असतो. भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही काय ठरलं. ही जुनी रीत आहे आणि मला ती आवडते. निदान तिथे कुणी ओरडत नाही.

पण भावाच्या आधी असते परीक्षा. रंगांची नावं घेतात. अबलख, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा. नुकरा, म्हणजे चांदीसारखा पांढरा. दोन्ही अरबी. चाल बघतात, तिला रवाल म्हणतात. मूळ फारशीत ती वाट नीट चालणाऱ्याची चाल. स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये अशी. इथपर्यंत ठीक आहे. मग बघतात भोवरे. घोड्याच्या अंगावर जिथे केस गोल फिरतात तो भोवरा. तो गळ्यावर असेल तर देवमण, घोडा शुभ. पुढच्या पायावर असेल तर केसांचं टोक खाली की वर ते बघतात. खाली असेल तर खुंटागाड, म्हणजे मालकाचा खुंटा जमिनीत पक्का. वर असेल तर खुंटाउपाड, म्हणजे मालकाचं घर उठलं. आणि डोळ्याखाली भोवरा असेल तर आसूढाळ. आसू ढाळायला लावणारी. जो नेईल तो रडेल.

ही नावं कुठून आली? मी शोधलं. लढाईत स्वाराचा जीव घोड्यावर असे. घोडा महाग. त्याची छाती आतून कशी आहे ते बाहेरून दिसत नाही. भीती वाटली की माणूस खुणा शोधतो. जुन्या अश्वपरीक्षेच्या पोथ्यांत त्या खुणांना नावं मिळाली. लढाया संपल्या, पोथ्या गेल्या, नावं दलालांच्या तोंडी उरली. पशुवैद्य सांगतात, भोवरा म्हणजे केस उगवायची दिशा. तुमच्या डोक्यावरही आहे.

डोंगरातून येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे शब्द कळत नव्हते आणि दलाल ते तोंडावर फेकून भाव हवा तसा फिरवत. म्हणून पत्रक काढलं. डाव्या बाजूला शब्द आणि दलाल त्याचा काय अर्थ सांगतात. उजव्या बाजूला शब्द कुठून आला आणि खरं काय. मोठ्या अक्षरात. मला त्या पत्रकाचा अभिमान होता. अजून आहे.

आता शेवंती.

तिचे मालक हिरामणअप्पा. शहाद्याकडचे. म्हातारपणी मुलाकडे सुरतेला राहायला निघालेले. मुलाची खोली चौथ्या मजल्यावर. घोडी लिफ्टमधून जात नाही, हे त्यांनी मला हसत सांगितलं आणि लगेच तोंड फिरवलं. घोडी ठेंगणी, काळपट तांबडी, रुंद पायांची. नाचणारी नव्हती, म्हणून भपकेबाज गिऱ्हाईक तिच्याकडे बघत नव्हतं. आणि यात्रेत न खपलेली जनावरं शेवटी कोण नेतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. वीटभट्टीवाला. तो बाजाराच्या कडेला टेम्पो लावून बसतो, घाई करत नाही. त्याला मरेपर्यंत विटा वाहायला जनावर लागतं, ते स्वस्त आणि नको असलेलं. अप्पांना एवढंच टाळायचं होतं.

लोटन दलालाची ऊठबस त्या टेम्पोपाशी होती. मी आरोप करत नाही, दिसलं ते सांगते.

तर लोटनने गालावर बोट टेकवलं आणि आमच्याकडच्या अहिराणीत ओरडला. "आसूढाळ शे! दखा, दखा, डोयाखाले भोवरा. जो लई जाई तो रडी!"

अप्पा चवताळले. "लोटन, तुले काय कयस घोडीनं? इतला वरीस मन्हा घर शे ती. कोन रडनं?"

"अप्पा, तुम्ही घोडी इकी ऱ्हायनात. तुम्ही तं चांगलंच सांगशात," लोटन म्हणाला. आणि मग त्याने खिशातून काय काढलं? आमचं पत्रक! उभी घडी घातलेलं. उजवी बाजू मागे, डावी बाजू पुढे. ते त्याने सगळ्यांसमोर नाचवलं. "मी नही सांगत, कागद सांगस. छापेल शे! डोयाखाले भोवरा, आसूढाळ, मालकाले रडावस. वाचा, ज्याले वाचता येस त्यानी वाचा!"

लोकांनी वाचलं. छापील होतं. वर आमच्या संघटनेचं नाव होतं.

मी मांडवातून धावले. "ओ लोटनदादा, घडी उघडा त्या कागदाची! उजवी बाजू वाचा!"

"ताई, तूच छापं ना हाई? आते कसाले वरडी ऱ्हायनी?"

गर्दी हसली. मी माझ्याकडचं पत्रक उघडून दाखवायला लागले, पोथ्या, फौज, पशुवैद्य. पुढच्या ओळीतल्या एका माणसाने जांभई दिली. ज्याच्या तोंडात गोष्ट आहे त्याचं लोक ऐकतात, आणि त्या घडीला चांगली गोष्ट लोटनकडे होती. जो नेईल तो रडेल. माझ्याकडे काय होतं? केस उगवायची दिशा.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्या एका गिऱ्हाइकाला घोडी आवडली होती तेही त्या गर्दीत उभं होतं.

त्या रायसीबाई. मोलगीच्या पुढे, जिथे जीप थांबते तिथून डोंगर चढून त्यांचा पाडा. त्यांची जुनी घोडी वयाने गेली होती. पाड्यावर मीठ, तेल, बियाणं, पीठ सगळं जनावराच्या पाठीवरून जातं. पण यंदा त्यांना घाई होती ती दुसऱ्याच कारणासाठी. त्यांच्या दिराची, गुलाबची बायको गरोदर होती, आणि तिला दिवस भरायच्या आधीच घोडीवर बसवून रस्त्याला आणून ठेवायचं असं घरात ठरलं होतं. गुलाब बरोबर आला होता. बारावी झालेला, शर्टाच्या खिशाला पेन. सकाळपासून दोघं शेवंतीच्या भोवती फिरत होते. गुलाबने आमचं पत्रक वाचलं होतं. दोन्ही बाजू वाचल्या होत्या, हे त्याने नंतर मला शपथेवर सांगितलं. पण लोटन ओरडला आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, चला," तो म्हणाला. "दुसरी बघू."

"का?"

"ऐकलं ना. आसूढाळ. घरात बाळंतपण आहे."

मला त्याचा राग आला आणि लगेच गेलाही. पहिलटकरणीचा नवरा होता तो. त्याला कुणी काहीही सांगितलं असतं तरी तो घाबरला असता.

रायसीबाईंचा आवाज मोठा. डोंगराच्या या अंगावरून त्या अंगावर हाक मारायची सवय. त्या आपल्या बोलीत बोलल्या, मी मराठीत लिहिते. "बाळंतपणात रडत नाही अशी कोण बाई आहे पाड्यावर? मी रडले, तुझी आई रडली. तुझी बायको पण रडेल. घोडी असेल तर खाली येऊन रडेल, दवाखान्यात. नसेल तर वर रडेल. तिला खाली कोण आणणार, तो कागद?"

आणि 'तो कागद' म्हणताना बोट माझ्याकडे!

मग त्या अप्पांकडे वळल्या. "बाबा, चालवून बघू?"

अप्पा खूश. त्यांनी लगाम चढवला आणि सपाट जागेवर घोडीला रवाल चालीत फिरवलं. छान चालली. रायसीबाईंनी बघितलंसुद्धा नाही. "सपाट जमीन आमच्याकडे आहे कुठे?" असं म्हणून त्यांनी लगाम काढायला लावला, स्वतःची दोरी गळ्यात बांधली, आणि दोन गोण्या मागून घेतल्या. गुलाबला नदीवर पाठवून त्या ओल्या वाळूने भरून आणल्या. गोण्या शेवंतीच्या पाठीवर लादल्या. आणि तिला तापीच्या दरडीवर नेलं, जिथे रस्ता नाही, नुसती निसरडी माती आहे.

निम्मा बाजार मागोमाग. लोटनही. फुकट तमाशा कोण सोडतो?

आमच्या डोंगरात जनावर पारखायची रीत वेगळी आहे, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. जनावराच्या पुढे चालून ओढायचं नाही. मागे चालायचं आणि नजर पायांवर ठेवायची. दोरी सैल. शेवंती दरडीच्या तोंडाशी थांबली. खाली वास घेतला. लोटन म्हणाला, "नही उतरती." घोडीने पुढचा पाय टाकला, दाबून बघितला, मग दुसरा. आणि मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या खड्ड्यात. असं करत ती पाण्यापर्यंत गेली आणि तशीच वर आली. वाळूचा भार, निसरडी माती, एकदासुद्धा घसरली नाही.

लोक वाहवा करायला लागले. मला वाटलं झालं. पण परीक्षा अजून बाकी होती. दरडीच्या मध्यावर रायसीबाईंनी दोरी सोडून दिली, घोडीकडे पाठ केली, आणि चक्क बसल्या. कमरेची डबी काढली आणि तंबाखू मळायला लागल्या.

"मावशी, काय चाललंय?" मी विचारलं.

"बघते."

"पाठ करून?"

"वाटेत मी बसले आणि ही मला टाकून पळाली तर? पाठीवर माणूस असेल, त्याचं काय? थांबते का ते बघते. तू बोलू नकोस, तिला तुझा आवाज आवडत नाही."

पुन्हा हशा. हा हशा मला चालला.

आम्ही सगळे थांबलो. व्यापारी, दलाल, पोलिसदादा, शेव-चिवडा खाणारी यात्रेकरू मंडळी, असा सगळा घोळका एका बाईच्या पाठीकडे आणि एका घोडीकडे बघत उभा. दरडीवर हिरवळीचा एक पुंजका होता. शेवंतीने तो खाल्ला. कान हलवले. वर, बाजारात कुठेतरी ढोल सुरू झाला, नाचऱ्या घोड्यांचा. तिने मान वळवून बघितलं आणि परत खाली घातली. तिथून हलली नाही.

रायसीबाईंनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले, उठल्या. गुलाबला म्हणाल्या, "बसव हिच्यावर तुझ्या बायकोला. नाहीतर तू खांद्यावर घेऊन ये."

गुलाबने शेवंतीच्या गालाकडे एकदा बघितलं. मग तो पुढे झाला आणि गोण्या उतरवायला लागला. त्याच्या हातांवरून मला कळलं की ठरलं.

अप्पांनी उपरणं काढलं. त्याच्याखाली एक हात अप्पांचा आणि एक हात रायसीबाईंचा. मध्ये दलाल नाही. बाजारातल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या, कारण बाईचा हात उपरण्याखाली त्यांनी पाहिला नव्हता. बोटं दाबली गेली. रायसीबाईंनी मान नाही म्हणून हलवली. परत दाबली. अप्पा हसले. काय ठरलं ते मला आजही माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

मग रायसीबाईंनी कमरेच्या गाठीतून एक छोटी बाटली काढली, मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडले, आपल्या देवाचं नाव घेतलं आणि घोडीच्या कपाळाला हात लावला. झालं. शेवंती पाड्याची झाली.

आणि त्याच क्षणी अप्पा रडले. अगदी मोठ्याने, लहान मुलासारखे, घोडीच्या मानेत तोंड खुपसून.

लोटनला आणखी काय हवं? तो टाळी देत ओरडला, "दखा! दखा! रडाई ना मालकले! काय सांगं व्हतं मी? आसूढाळ!"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे उजव्या बाजूची सगळी माहिती तयार होती. पण अप्पांनी मान वर केली. नाक उपरण्याला पुसलं. "लोटन, मी रडस ते मन्ही घोडीसाठे रडस. तू मरी गयास तं तुन्हासाठे तुन्हा खुंटाबी रडाव नही."

असा हशा मी त्या यात्रेत दुसरा ऐकला नाही. लोटनसुद्धा हसला. माणूस वाईट नाही हो, धंदा करतो. पण हसता हसता त्याने हातातला कागद चुरगळला आणि खिशात घातला, आणि दिवसभर तो पुन्हा बाहेर काढला नाही, हे मी नीट बघितलं. टेम्पोवाला दुसऱ्या कुणाची वाट बघायला गेला. तो दरवर्षी कुणाला तरी नेतोच, आणि त्याचं मला वाईट वाटतं. सगळ्या घोड्यांसाठी रायसीबाई मिळत नाही.

उन्हाळ्यात मी मोलगीच्या बाजारात गेले होते. पत्रकं होतीच, यंदाची नवी. त्यांत डावी-उजवी बाजू नाही, शब्द आणि खरं काय ते एकाच वाक्यात. घडी कशीही घाला, अर्धं वाचता येत नाही. जीप थांबते तिथे, मोहाच्या झाडाच्या सावलीत शेवंती उभी होती. पाठीवर तेलाचा डबा, मिठाच्या पिशव्या आणि एक प्लास्टिकची खुर्ची उलटी बांधलेली. पूर्वीपेक्षा भरलेली दिसली. शेजारी गुलाब, कडेवर मुलगी.

"ताई, ही बघा!" त्याने आधी मुलगी दाखवली, मग घोडी. "हिनेच खाली आणलं. म्हणजे बायकोला. आठवडाभर आधीच खाली आलो. दवाखान्याजवळ मामांकडे राहिलो. काही झालं नाही, सगळं नीट."

"आणि अप्पा?"

"फोन करतात सुरतेहून. माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, फोन तिच्या कानाशी धर."

रायसीबाई खरेदी करून आल्या. मी भोवऱ्याचं विचारलं. त्यांना क्षणभर कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाल्या, "हां, ते. तिथे गोचीड बसते. तेल लावते." आणि खुर्चीची दोरी घट्ट करायला लागल्या.

मला त्या उत्तराने जितकं समाधान दिलं तितकं कुठल्याही मोर्चाने दिलेलं नाही. मी परतीच्या जीपमध्ये दाटीवाटीत बसून आपल्याशीच हसत होते.

पण रस्ताभर एक गोष्ट डोक्यातून जाईना. घोड्यांच्या बाजारात एकच पाय वेगळ्या रंगाचा असेल तर त्याला अर्जल म्हणतात आणि तोही अशुभ. आणि आपल्या घरांत, शिकलेल्या, टाइल्स बसवलेल्या घरांत, नवी सून आल्यावर सासऱ्याचं दुकान बसलं की काय म्हणतात? पांढऱ्या पायाची. घोडीवरून बाईवर हा शब्द आला की आणखी कुठून, ते मी शपथेवर सांगणार नाही, मला पुरावा मिळालेला नाही. पण दोन्हीकडे तो करतो काम एकच. समोरचीचा भाव पाडायचा आणि तिला बोलू द्यायचं नाही. शेवंतीला निदान दरडीवर उतरून दाखवायची संधी मिळाली.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती वगैरे करत नाही. यंदा लग्नसराईत वरातीची घोडी दाराशी येईल तेव्हा तिच्या अंगावर भोवरे शोधत बसू नका. घोडीवाल्याला विचारा, हिला पाणी पाजलं का, आणि नसेल पाजलं तर बादली तुम्ही आणा. आणि तुमच्यासमोर कुणी एखाद्या जनावराला, एखाद्या सुनेला, एखाद्या लेकराला अपशकुनी म्हणालं, मग तो तुमचा सख्खा काका का असेना, तर हातातला चहा खाली ठेवा आणि तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत त्याला ते परत घ्यायला लावा.